कोन कमी करा

मी कोन बोलतोय. कोण नाही, कोन. बाणातला ण नाही, नळातला न. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझ्या आयुष्यातला सगळा घोळ या एका शब्दानं घातला आणि त्यात एका सभ्य माणसाची नोकरी पणाला लागली.

फुटबॉलच्या मैदानावर नारिंगी प्लास्टिकच्या निमुळत्या टोप्या रांगेनं मांडलेल्या असतात ना, त्यातलाच मी एक. डोक्याला भोक, पोटात पोकळी आणि पायाशी चौकोनी पाट. माझ्याहून पोकळ डोकी घेऊन माणसं मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे मला स्वतःच्या पोकळीची लाज वाटत नाही.

माझा जन्म एका साच्यात झाला. गरम प्लास्टिक ओतलं, थंड झालं, झालो मी. बारसं नाही, काही नाही. एकाच घाण्यातून आम्ही चाळीस भाऊ निघालो आणि एकात एक शिरून एका खोक्यात बसलो. भावाभावांत इतकी जवळीक असूनही आमची कधी भांडणं झाली नाहीत. वाटणीला काही नव्हतं, हे एक कारण असेल.

आम्हाला एका फुटबॉल क्लबनं घेतलं. क्लबच्या उद्घाटनाला आम्हाला फाटकापासून व्यासपीठापर्यंत दोन रांगांत उभं केलं होतं. क्लबचे अध्यक्ष आले, भाषण करून निघाले आणि गाडी मागे घेताना माझ्या पाटावर चाक चढवलं. काच खाली करून म्हणाले, "अरे, हे मध्येच कुठून आलं?" मी तिथं दोन तासांपासून उभा होतो. तेव्हापासून माझा एक कोपरा चिरलेला आहे आणि मी जरा तिरका उभा राहतो.

या तिरकेपणामुळे आमच्या प्रशिक्षकांना मी डोळ्यांसमोर नको असायचो. त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. सरांना सरळ रांगेचं वेड होतं. क्लबच्या संघातल्या मुली यायच्या अर्धा तास आधी येऊन ते आम्हाला पावलं मोजून मांडायचे, मग लांब जाऊन एक डोळा मिटून बघायचे. मला कुठंही ठेवलं तरी रांग बिघडायची. शेवटी त्यांनी मला सगळ्यांत मागे, गोलजवळ हद्दपार केलं. तिथं एक डोळा मिटून कुणी बघत नाही.

सरांचं आमच्यावर खरं प्रेम होतं, हे कबूल केलं पाहिजे. खेळाडूंपेक्षा जास्त होतं. कारण उघड आहे, आम्ही ठेवल्या जागी राहतो. आम्ही तहान लागली म्हणत नाही, बुटाची नाडी सुटली म्हणत नाही. सर आम्हाला प्रतिस्पर्धी म्हणून उभं करायचे आणि मुली चेंडू घेऊन आमच्यामधून सापासारख्या वळत जायच्या. "बघा, चार जणींना चकवलं!" सर टाळ्या वाजवायचे. चार जणी म्हणजे मी आणि माझे तीन भाऊ. आम्हाला चकवणं काय अवघड? आम्हाला वारासुद्धा चकवतो.

मग सामना व्हायचा आणि आमच्या मुली सात गोल खाऊन परत यायच्या. सर फळ्यावरची चुंबकं इकडून तिकडे सरकवत म्हणायचे, "आपला डाव बरोबर होता. त्या मुली ठरल्या जागी उभ्या राहिल्याच नाहीत." हे वाक्य ते इतक्या कळकळीनं बोलायचे की मलाही प्रतिस्पर्ध्यांचा राग यायचा.

कुंपणाबाहेर आणखी पंधरा-वीस प्रशिक्षक असायचे, म्हणजे पालक. त्यातले एक दातांचे डॉक्टर होते. त्यांची मुलगी गोल मारणारी. डॉक्टर जाळीला धरून ओरडायचे, "पास दे! देऊ नको! मार! अगं, आत्ता नको!" दवाखान्यातही असंच ओरडत असतील तर दात कुठला निघतो देव जाणे. पोरगी बिचारी बापाचं ऐकायचं की सरांचं या विचारात असायची, तेवढ्यात चेंडू दुसरीच घेऊन जायची.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सरांकडे प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र नव्हतं. त्यासाठी सराव घेऊन दाखवायची परीक्षा असते. तंत्र कसं शिकवता, डावपेच कसे शिकवता, ते परीक्षक मैदानावर येऊन बघतात. सर दोनदा नापास झाले होते. नवीन नियम आला की प्रमाणपत्र नसलेला माणूस क्लबवर ठेवता येणार नाही. अध्यक्षांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तुम्ही आमच्या घरातलेच आहात. पण या वेळी नापास झालात तर घरातून जावं लागेल." सरांना फुटबॉल सोडून दुसरं काही येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बायकोलाही ठाऊक होतं. ती रोज स्कूटरवरून त्यांना सोडायला यायची आणि डबा हातात देताना एकच सांगायची, "अहो, या वेळी अडखळू नका हं. जे येतं ते बोला." सर मान हलवायचे. मला त्या माणसाची कीव यायची.

परीक्षेच्या अभ्यासाला एक छापील पुस्तिका होती. सरांनी ती तोंडपाठ केली होती. तिच्यात एका पानावर लिहिलं होतं, 'सरावासाठी कोन वापरावेत.' आणि पुढच्या एका पानावर लिहिलं होतं, 'गोलरक्षकाने पुढे येऊन कोन कमी करावा.' पुस्तिका लिहिणाऱ्याला आपण काय पेरून ठेवतोय याचा पत्ता नसावा.

आमची गोलरक्षक चौदा वर्षांची, उंचच उंच. सगळ्या तिला बांबू म्हणत. तिला गोलमध्ये उभं करण्यामागे डावपेच वगैरे काही नव्हतं, ती वरच्या दांड्याला हात लावू शकत होती एवढंच. तिला एक वाईट खोड होती. ती 'का' विचारायची. सर म्हणाले रेषेवर उभी राहा, की ही म्हणणार, "का?" सर म्हणाले डावीकडे झुक, की हिचं आपलं, "का?" सरांना या एका अक्षराची अशी धास्ती बसली होती की ती तोंड उघडायच्या आत ते शिट्टी वाजवायचे.

एका संध्याकाळी डॉक्टरांची मुलगी बाजूनं धावत येऊन गोलावर गोल मारत होती आणि बांबू रेषेवर उभी राहून ते मोजत होती. सरांना पुस्तिकेतलं पान आठवलं. ते ओरडले, "अगं, पुढे ये! कोन कमी कर!"

बांबूनं इकडेतिकडे पाहिलं. गोलसमोर आम्ही सहा कोन होतो. ती आज्ञाधारकपणे पुढे आली, सगळ्यांत जवळचा आणि सगळ्यांत तिरका म्हणून मला उचललं, मैदानाबाहेर नेऊन ठेवलं आणि विचारलं, "केला सर. अजून करू?"

मुली हसून हसून लोळल्या. कुंपणाबाहेर डॉक्टरांना ठसका लागला. सरांचा चेहरा माझ्या रंगाचा झाला.

"माझी चेष्टा करतेस?"

"नाही सर. तुम्हीच म्हणालात ना कमी कर?"

"पाच फेऱ्या! आणि तो कोन डोक्यावर घेऊन!"

एवढा राग सरांना पूर्वी कधी आलेला मी पाहिला नव्हता. सात गोल खाल्ल्यावरही नाही. मी बांबूच्या डोक्यावर बसून मैदानाला पाच फेऱ्या मारल्या. उंचावरून जग पाहायचा योग मला तेवढाच आला, पण मजा वाटली नाही. तिच्या गालावरून पाणी खाली येत होतं आणि सगळाच काही घाम नव्हता. फेऱ्या संपल्यावर ती धापा टाकत सरांपुढे उभी राहिली. "सर, मग कोन कमी कर म्हणजे काय?"

सर म्हणाले, "म्हणजे... पुढे यायचं आणि कोन कमी करायचा. ते अनुभवानं कळतं." आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

शिक्षेचा भाग म्हणून आम्हाला पिशवीत भरायचं कामही तिच्याकडेच आलं. सगळे गेल्यावर तिचे वडील सायकलवरून घ्यायला आले. ते गवंडी. कॅरिअरला पिशवी, पिशवीत थापी, ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या आणि दोरीचं रीळ. फुटबॉलमधलं त्यांना इतकंच कळत होतं की गोलच्या खांबांपैकी उजवा ओळंब्यात नाही, कललेला आहे. ते त्यांनी पहिल्याच दिवशी सरांना सांगून झालं होतं आणि सरांना ते आवडलं नव्हतं.

"चेहरा का उतरलाय?"

"बाबा, कोन कमी कसा करतात?"

"कुठला कोन?"

"तेच तर कुणी सांगत नाही. चेंडू तिथून येतो, मी इथं उभी असते, आणि म्हणे पुढे येऊन कोन कमी कर."

गवंडीबाबांनी क्षणभर डोकं खाजवलं. मग त्यांनी मला उचललं आणि चेंडू असायचा त्या जागी नेऊन ठेवलं. माझ्या डोक्याच्या भोकातून दोरी ओवली, एक टोक डाव्या खांबाला बांधलं, दुसरं उजव्या. दोरी ताणली आणि म्हणाले, "हा बघ तुझा कोन. चेंडू या दोन दोऱ्यांच्या मधूनच जाणार. आता रेषेवर उभी राहा आणि हात पसर."

बांबूनं हात पसरले. दोन्हीकडे भली मोठी जागा उरली.

"आता चालत पुढे ये. हात खाली घेऊ नको."

ती एकेक पाऊल पुढे येत गेली. दोऱ्या दोन्हीकडून तिच्या जवळ येत गेल्या आणि एका जागी तिच्या दोन्ही हातांच्या बोटांना दोऱ्या लागल्या. ती तिथंच थांबली. मग मागे गेली, पुन्हा पुढे आली, आणि खुदकन हसली. "झाला की कमी!"

"कोन कुठं कमी झाला?" गवंडीबाबा म्हणाले. "कोन आहे तेवढाच आहे, गुण्या लावून बघ. कमी झाली ती फट. तुझ्या दोन्ही अंगांची फट. तुझ्या सरांना म्हणावं, फट कमी कर म्हणा, पोरीला कळेल."

मी दोऱ्यांच्या टोकाला तिरका उभा होतो. इतकी वर्षं मैदानावर काढून मला स्वतःच्याच नावाचा अर्थ त्या संध्याकाळी कळला. त्यानंतर बांबू चेंडू आला की पुढे यायला लागली आणि डॉक्टरांच्या मुलीचे गोल अडायला लागले. आता सर खूश होतील असं मला वाटलं होतं. पण सरांनी तिला झापलं.

त्याचं असं झालं की परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. सरांनी कागदावर मिनिटामिनिटाचा आराखडा काढला होता आणि मुलींकडून तो घटवून घेत होते. एक म्हटलं की पास, दोन म्हटलं की धावायचं, तीन म्हटलं की वळायचं. समोर अडवायला चाळीसही कोन. आणि शेवटी, सराव यशस्वी झालेला दिसावा म्हणून, डॉक्टरांच्या मुलीनं गोल मारायचा. "आणि तू," सर बांबूला म्हणाले, "कागदावर रेषेवर आहेस. रेषेवरच राहायचं. चेंडू आला की उजवीकडे उडी मार. तो डावीकडून जाईल."

"का?"

"आणि हे 'का' त्या दिवशी अजिबात नको. परीक्षकांनी काही विचारलं तर घशाकडे बोट दाखव. घसा बसलाय म्हणून."

शिकवायला आलेला माणूस गोल कसा खायचा ते शिकवत होता. मला त्यांचा राग आला. पण कागदावरची मिनिटं ते पुन्हा पुन्हा खोडून लिहीत होते हेही मला दिसत होतं.

परीक्षेच्या दिवशी सरांच्या बायकोनं डबा दिला आणि आज ती गेली नाही, स्कूटरजवळच उभी राहिली. परीक्षक बाई आल्या. एकेकाळी त्याही गोलरक्षक होत्या, उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झालेली. अध्यक्षांनी त्यांच्यासाठी गादीची खुर्ची मांडली होती, तिच्यावर त्यांनी आपली पिशवी ठेवली आणि स्वतः उभ्या राहिल्या. खुर्चीमागे अध्यक्षही उभे राहिले, फोटोत यावं म्हणून.

सगळं कागदाप्रमाणे झालं. एक, दोन, तीन. आम्ही चाळीस भाऊ अभिमानानं चकलो. बांबू उजवीकडे पडली, चेंडू डावीकडून गेला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

"छान," बाई म्हणाल्या. "आता कोन उचला."

"किती?" सरांनी विचारलं.

"सगळे. कोनांच्या जागी मुली उभ्या करा आणि पुन्हा हेच दाखवा."

आम्हाला गोळा करून गोलच्या खांबाशी आणून रचलं. सर्वांत वर मी, कारण तिरका कोन खाली घातला तर थप्पी पडते. मैदानात जो गोंधळ झाला तो मी डोळ्यांनी पाहिला. एक म्हटलं तर पास द्यायच्या जागी कुणीतरी जिवंत मुलगी उभी! दोन म्हटलं तर ती पाठलाग करते! सर "तीन, तीन" म्हणत राहिले आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. तेवढ्यात चेंडू सुटून डॉक्टरांच्या मुलीकडे आला. तिच्यापुढे एकटी बांबू.

बांबूनं सरांकडे पाहिलं. सर कागदात पुढची ओळ शोधत होते. मग तिनं रेषा सोडली. लांब लांब ढांगा टाकत पुढे गेली, हात पसरले, आणि चेंडू तिच्या पोटावर आपटून तिच्याच मिठीत राहिला.

परीक्षक बाईंनी हात वर करून खेळ थांबवला. "तू पुढे का आलीस?"

बांबूनं घशाकडे बोट दाखवलं.

"घसा बसलाय?" बाईंनी विचारलं तिला, पाहिलं सरांकडे.

सरांची मान खाली गेली. मग ते हळूच म्हणाले, "बोल गं. बोल."

"फट कमी करायला," बांबू म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "सगळे म्हणतात कोन कमी करायचा. कोन कमी होतच नाही बाई, तो तेवढाच राहतो. फट कमी होते."

बाई आपल्या वाकड्या बोटांकडे बघत हसल्या. "हे तुला कोणी शिकवलं?"

"कोनानं."

"कोणी?"

"कोनानं, बाई. आणि बाबांच्या दोरीनं. हा काय." तिनं थप्पीवरून मला उचलून दाखवलं.

अध्यक्ष पुढे सरसावले. "आमच्या सरांचीच पद्धत आहे ती. कोन आणि दोरी. खास पद्धत."

"तुमची पद्धत?" बाईंनी सरांना विचारलं.

नुसती मान हलवायची होती. अध्यक्षांनी ताट वाढून समोर ठेवलं होतं. सरांनी स्कूटरकडे पाहिलं, तिथं त्यांची बायको पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. जे येतं ते बोला, असं ती रोज सांगायची. सर म्हणाले, "नाही. हिनं विचारलं होतं, तेव्हा मी हिला हा कोन डोक्यावर देऊन पाच फेऱ्या मारायला लावल्या."

"का?" बाई म्हणाल्या.

तेच ते अक्षर. या वेळी सरांनी शिट्टी वाजवली नाही. "कारण मलाच माहीत नव्हतं. हिला वाटलं कोन कमी कर म्हणजे हा कोन उचल. पहिल्या परीक्षेत परीक्षकांनी मला म्हटलं होतं, गोलीला कोन कमी करायला शिकवा. तेव्हा मीही... कोनच उचलला होता."

त्या फेऱ्यांचा राग कुठून आला होता, ते मला तेव्हा कळलं.

"अहो, ते तुम्ही होय?" बाई म्हणाल्या. "तो किस्सा आम्ही परीक्षक एकमेकांना अजून सांगतो!" आणि त्या मोठ्यानं हसल्या. मग सरांची बायको हसली, मुली हसल्या, शेवटी सरही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग बांबूला म्हणाले, "दोरी आहे? मला दाखव." तिनं आपल्या पिशवीतून बाबांचं रीळ काढलं, मला जागेवर ठेवलं, दोऱ्या बांधल्या. सर हात पसरून रेषेवरून पुढे चालत आले, बोटांना दोऱ्या लागल्या, आणि त्यांनी विचारलं, "कोन तेवढाच राहतो, तर पुस्तिकेत कमी करा असं का लिहिलंय?"

"पुस्तिका चुकली, सर."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अध्यक्षांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. सरांना प्रमाणपत्र मिळालं होतं आणि खाली एका ओळीचा शेरा होता: कोन कमी करा. अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे गोलीनं पुढे यायचं. अनुभवाच्या गोष्टी आहेत या." सरांना शेरा बरोबर कळला होता. त्यांनी आम्हाला रांगेत मांडलं, एक डोळा मिटून शेवटचं पाहिलं आणि आठच ठेवले.

त्या आठांत मी नव्हतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्यानं शिकवलं त्यालाच पहिल्यांदा घरी पाठवतात. पण सरांनी मला रुमालानं पुसलं आणि गवंडीबाबांच्या हातात दिलं. "हा तुम्ही न्या. आणि तो उजवा खांब एकदा बघून जा. ओळंब्यात नाही म्हणत होतात ना?"

हल्ली मैदानावर फार गोंगाट असतो म्हणे. मुली 'का' विचारतात आणि सरही विचारतात. सामने अजून हरतात, पण दोन-एक असे. सात-शून्य बंद झालं.

मी सध्या नव्यानं घातलेल्या ओल्या कोब्यापुढे उभा असतो. इथं पाय ठेवू नका, एवढंच माझं काम. शिकलीसवरलेली माणसं येतात, मला बघतात, माझ्याशेजारी पाय ठेवतात आणि बूट रुतला की म्हणतात, "अरे, हे मध्येच कुठून आलं?" त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, मला हात नसले तरी. जरा बाजूनं जा. आणि कोणी तुम्हाला नुसतं ठेवल्या जागी उभं राहा म्हणालं, तर एकदा का म्हणून विचारा. मला ते विचारता आलं नाही.

कोन कमी होत नाही, असं गवंडीबाबा म्हणतात. गवंडीकामात ते खरं असेल. मी मात्र कमी झालेला कोन आहे.